स्वादुपिंडाच्या जुन्या दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू करू का?

रात्रपाळी

नमस्कार. वय ३९. सहा वर्षांपासून क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस आहे, म्हणजे स्वादुपिंडाचा जुनाट दाह. ज्यांना हे दुखणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बरगड्यांच्या खाली, बरोबर मध्यभागी कळ उठते आणि आरपार पाठीत निघते. उताणं झोपता येत नाही. उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसलं की जराशी सैल पडते. मी यंत्रांच्या भागांचे आराखडे काढतो. पूर्वी टेबलावर वाकायचो ते कामासाठी. आता वाकतो ते कळ दबावी म्हणून, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

औषधांचं सांगतो. सुरुवातीला नुसतं पॅरासिटामॉल. मग पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी. मग नुसतं ट्रामाडॉल, ५० मिग्रॅ तीन वेळा. गेले पाच महिने १०० मिग्रॅ चार वेळा, म्हणजे दिवसाला ४००, आणि डॉक्टर म्हणतात याच्या वर नेता येत नाही. रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ. जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल. एवढं करूनही महिन्यातले दहा-बारा दिवस अंथरुणात जातात. मागच्या भेटीत डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं आणि पुढच्या वेळी ठरवून या म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा बायको एकदम गप्प झाली. रात्री उशिरा विचारलं, "ते कॅन्सरच्या शेवटी शेवटी देतात ना? तू माझ्यापासून काही लपवत नाहीयेस ना?" भाऊ म्हणाला, एकदा लागलं की सुटत नाही. औषधाच्या दुकानात ट्रामाडॉलची चिठ्ठी पुढे केली तरी समोरचा आधी चिठ्ठीकडे बघतो आणि मग माझ्या डोळ्यांकडे. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरी प्रत्येक नवा डॉक्टर तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारतो. सिगारेट मात्र ओढायचो. आता दिवसाला तीन-चार.

दोन वर्षांपूर्वीच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाची मुख्य वाहिनी ८ मिमी फुगलेली आणि स्वादुपिंडाच्याच डोक्याकडच्या भागात खडे, असं लिहिलं होतं. तेव्हा "बघू पुढे" म्हणाले, मीही विसरलो.

मला दोन गोष्टींची भीती वाटते. मॉर्फिनने डोकं चालेनासं झालं तर हे काम हातचं जाईल. आणि मुलगी सात वर्षांची आहे, तिच्यासमोर गोळीसाठी तडफडणारा बाप व्हायचं नाही. ज्यांनी हे घेतलंय त्यांनी कृपया खरं खरं सांगा.

वाटसरू

दादा, जपून. माझ्या मामांना पाठीच्या दुखण्यासाठी असल्याच गोळ्या होत्या. दोन वर्षांत अशी वेळ आली की दुखो न दुखो, गोळी हवीच. शेवटी ठरलेल्या वेळेआधीच डबी रिकामी व्हायची आणि मामी लपवून ठेवायच्या. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण मी बघितलंय.

निशिगंधा

रात्रपाळी, मी सव्वाचार वर्षं मॉर्फिन घेतलं. वय ४६, आजार नऊ वर्षांचा. माझंही दारूशी काही देणंघेणं नाही. जनुकीय तपासणीत एसपीआयएनके-१ या जनुकात बदल निघाला, तेव्हा कुठे ते प्रश्न थांबले. तुम्ही अजून अशी तपासणी केली नसेल तर विचारा. त्याने दुखणं कमी होत नाही, पण मनावरचा एक दगड उतरतो.

वाटसरू, तुमच्या मामांचं झालं ते खोटं नाही आणि कुणी हलक्यात घेऊ नये. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज मॉर्फिन घेणाऱ्या कुणाच्याही शरीराला काही आठवड्यांत त्याची सवय होते, आणि एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, जांभया, अंग मोडून येणं, जिवाची घालमेल हे सगळं होतं. मला झालंय, एकदा प्रवासात डबी घरी राहिली तेव्हा. याला व्यसन म्हणत नाहीत. नुकसान होतंय हे दिसत असूनही हात आवरत नाही, दुखण्याऐवजी मन शांत करायला गोळी घेतली जाते, हिशोब लपवावा लागतो, ते व्यसन. सवयीतून व्यसनाकडे वाट जाते, आणि आधी कसलं व्यसन असेल किंवा नैराश्य असेल तर ती वाट जवळची असते. म्हणून डॉक्टरांनी हे प्रश्न विचारले तर रागावू नका. ते विचारत नसतील तर तुम्हीच सांगा.

आता माझं. १० मिग्रॅच्या साध्या गोळीपासून सुरुवात झाली. पहिल्या रात्री मी पाय पसरून पाठीवर झोपले. किती महिन्यांनी, ते मोजायचं सोडून दिलं होतं. सकाळी उठल्यावर घरात कुणीतरी गेलं असावं तशी शांतता वाटली, आणि ते गेलेलं माणूस म्हणजे दुखणं होतं. ती रात्र आठवली की अजून डोळ्यांत पाणी येतं. मॉर्फिनविषयी वाईट बोलताना मला जड जातं ते त्या रात्रीमुळे. पण वाईट बोलावं लागेल.

तीन महिन्यांत सावकाश सुटणारी ३० ची गोळी दोन वेळा झाली. वर्षभरात ६० दोन वेळा. दर वेळी वाढवल्यावर पंधरा-वीस दिवस बरे जायचे आणि मग पुन्हा तेच. दीड वर्षानंतर दुखण्याची चाल बदलली. पूर्वी कळ एका जागी असायची, बोट ठेवून दाखवता यायची. आता सगळं पोटच दुखायचं, फुगायचं, मळमळायचं, आणि गोळीची वेळ जवळ आली की वाढायचं. मला वाटलं आजार वाढला. स्कॅनमध्ये नवीन काहीच नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की ओपिऑइड औषधं, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची, दीर्घकाळ आणि वाढत्या मात्रेत घेतली तर मज्जासंस्था उलट जास्त हळवी होते. आतड्यांची हालचालही मंदावते, आणि औषधच दुखण्याचं एक कारण होऊन बसतं. मी ऐकून भांडले. "म्हणजे मी खोटं बोलतेय का?" असं ओरडले. सांगणाऱ्या बाई मला खोटं म्हणत नव्हत्या. दुखणं खरंच होतं, फक्त त्याचा एक वाटा आता गोळीतून येत होता. मात्रा हळूहळू ८० वर आणली आणि पोट खरंच निवळलं. एरवी विश्वास बसला नसता.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही शेवटाकडे ओझरतं टाकलंय, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाहिनी ८ मिमी. डोक्यात खडे. मॉर्फिन घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी तुम्हाला कुणी सांगितलंय का, की तुमचं दुखतं कशामुळे? निरोगी वाहिनी साधारण ३ मिमीची असते. पुढे खडा अडकला की मागे रस तुंबतो, वाहिनी फुगते, दाब वाढतो. शिवाय ग्रंथीतल्या नसा सुजतात, जाड होतात. दाबावर इलाज करता येतो. नसा मात्र जितकी वर्षं छळलेल्या असतील तितक्या उशिरा ऐकतात, आणि काहींच्या बाबतीत ऐकतच नाहीत. दाब काढल्यावरही मेंदूत दुखण्याची घडी बसलेली राहते.

म्हणून वेळेला किंमत आहे. नेदरलँड्समध्ये ३० रुग्णालयांनी मिळून अशाच रुग्णांवर एक चाचणी केली. वाहिनी फुगलेली, ओपिऑइड नुकतंच सुरू झालेलं. ८८ जण. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, बाकीच्यांना आधी औषधं, मग एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून केलेला इलाज), आणि तेही न चाललं तरच शस्त्रक्रिया. २०२० मध्ये निकाल आला. दीड वर्षाच्या पाठपुराव्यात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं सरासरीने कमी होतं. सगळ्यांचं गेलं असं नाही. पण हे मला पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी चौथ्या वर्षापर्यंत थांबले नसते. माझी फ्रे पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. स्वादुपिंडाच्या डोक्यातला खराब भाग कोरून काढतात, वाहिनी लांबवर उघडतात आणि तिला लहान आतडं जोडतात, म्हणजे रसाला मोकळी वाट मिळते. बरं व्हायला तीन महिने लागले. नंतर मॉर्फिन उतरवायला चौदा महिने. शेवटचे २० मिग्रॅ सगळ्यात चिवट होते. आता नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन रोज, आणि वर्षातून चार-पाच वाईट दिवसांसाठी ट्रामाडॉल.

मी मॉर्फिन नको म्हणत नाहीये. चार वर्षं मी मुलांचे अभ्यास घेतले, नोकरी केली, ती त्याच्याच जोरावर. डोकं पहिला आठवडाभर जड होतं, मग सरावलं. मला हिशोबात अडचण आली नाही, शब्द आठवायला मात्र वेळ लागायचा. तुमचं काम मोजमापांचं आहे, तर सुरुवातीचे दिवस सुट्टीला जोडून घ्या आणि त्या दिवसांत गाडी चालवू नका.

एक मात्र करा. वही ठेवा, पण नुसते दुखण्याचे आकडे लिहू नका. मी वर्षभर "७, ८, ७, ६" असं लिहीत होते आणि त्यातून काहीच कळत नव्हतं. नंतर लिहायला लागले: आज किती वेळ बसले, जिना चढले का, रात्री किती वेळा उठले, कुणावर ओरडले का. मात्रा वाढवल्यावर या ओळी बदलल्या नाहीत तर ती वाढ फुकट आहे, परत खाली या. आणि सिगारेट. तीन-चारसुद्धा नको. दारूइतकाच तंबाखूही या ग्रंथीचा वैरी आहे, स्वतंत्रपणे. हे मी तुम्हाला हात जोडून सांगते.

मात्रा

मी एका रुग्णालयाच्या वेदना विभागात औषधनिर्माता आहे. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, पण काही गोष्टी भेटीच्या आधी तुमच्याजवळ असाव्यात.

पहिली गोष्ट ट्रामाडॉल आणि अमिट्रिप्टिलिनची. ४०० मिग्रॅ ट्रामाडॉलबरोबर अमिट्रिप्टिलिन असताना झटके येण्याचा धोका वाढतो, आणि मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन प्रमाणाबाहेर जाऊन थरथर, घाम, धडधड, गोंधळ असंही होऊ शकतं. तुमची अमिट्रिप्टिलिनची मात्रा लहान आहे, घाबरून आज काही बंद करू नका. पण ही जोडी डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, आणि नैराश्याचं किंवा खोकल्याचं कुठलंही नवं औषध घेण्याआधी विचारा. मॉर्फिन सुरू झाल्यावर ट्रामाडॉल चालू ठेवायचं की उतरवायचं हे चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन्ही मनाने चालू ठेवणारे रुग्ण आमच्याकडे येतात.

बद्धकोष्ठाचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं. मळमळ आणि गुंगी आठवडाभरात बहुतेकांची ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, कारण आतडी मॉर्फिनला सरावतच नाहीत. नुसता कोंडा किंवा इसबगोल घेऊन उपयोग होत नाही, कधी कधी आणखी फुगतं. आतड्याला चालना देणारं सेना किंवा बिसाकोडिल, किंवा पाणी ओढून घेणारं लॅक्ट्युलोज वगैरे लागतं. स्वादुपिंडाच्या रुग्णाला आधी चरबीयुक्त सैल जुलाब असतात, त्यामुळे मॉर्फिनने पोट बांधलं गेलं की "बरं झालं, एन्झाइमची गरज संपली" असं वाटून काही जण कॅप्सूल सोडतात. तसं करू नका. शौचाची गती बदलते, चरबी पचणं बदलत नाही. मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) आणि पहिल्या घासाबरोबर, हे साधारण प्रमाण असतं. तुमच्या कॅप्सूलवरचा आकडा एकदा वाचून बघा, फार कमी निघतो बऱ्याच जणांचा.

सावकाश सुटणारी गोळी फोडू, कुटू किंवा चावू नका, बारा तासांचा साठा एकदम अंगात उतरतो. पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची औषधाची पट्टी, दिला तर त्यावर गरम पिशवी नको, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. पोट शेकायची सवय तुम्हाला असणारच, म्हणून मुद्दाम सांगते. फेंटानिलचा पॅच तीन दिवस चालतो, आणि ज्याला ओपिऑइडची सवय नाही त्याला लावत नाहीत. झोपेच्या गोळ्या आणि दारू मॉर्फिनबरोबर चालत नाही, श्वास मंदावतो.

निशिगंधाताईंनी प्रीगाबालिन लिहिलंय. ते या दुखण्यात कामाला येऊ शकतं. २०११ मध्ये ६४ रुग्णांवरच्या तीन आठवड्यांच्या चाचणीत नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा दुखणं जास्त कमी झालेलं दिसलं. पण मॉर्फिनबरोबर घेतलं तर तेही श्वासावर भर घालतं, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी सुरू किंवा एकाच दिवशी वाढ असं करू नये. घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल, मूत्रपिंड कमजोर असेल तर आधी सांगा. घरी नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं औषध) ठेवावं का हेही विचारा. तुम्ही गाढ झोपलेले असताना हाक मारून उठत नसाल, श्वास अगदी मंद असेल, ओठ निळसर दिसत असतील तर काय करायचं हे बायकोला माहीत हवं.

आणि घरात सात वर्षांची मुलगी आहे. कुलूप. उंच फळी पुरत नाही.

रात्रपाळी

निशिगंधाताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. "गेलेलं माणूस म्हणजे दुखणं" इथे आल्यावर ती उठून आत गेली, परत आली आणि म्हणाली, घे, पण वही मी लिहिणार. तुमची चार वाक्यं तिने पहिल्या पानावर उतरवली आहेत. "कुणावर ओरडलो का" या रकान्यावर मुलगी लक्ष ठेवणार आहे.

मात्राताई, कॅप्सूलवरचा आकडा बघितला. १० हजार. एका जेवणाला एक घेत होतो, आणि तीही जेवण झाल्यावर आठवली तर. तीन वर्षं.

एक विचारायचं राहिलं. मॉर्फिनने आतला झडपेसारखा स्नायू आवळतो आणि स्वादुपिंडाचं दुखणं वाढतं, म्हणून दुसरं इंजेक्शन द्यायचं, असं मला एकदा तातडीच्या विभागात कुणी म्हणालं होतं. ते काय आहे?

मात्रा

ती जुनी समजूत आहे. मॉर्फिनने तो झडपेसारखा स्नायू, त्याला ओडीचा स्नायू म्हणतात, आवळतो हे खरं, पण बाकीच्या ओपिऑइडनेही आवळतो, आणि त्यामुळे स्वादुपिंडाच्या रुग्णांचं नुकसान होतं असा पुरावा मिळालेला नाही. त्या समजुतीपायी वर्षानुवर्षं पेथिडिन हे दुसरं ओपिऑइड दिलं गेलं. ते पुन्हा पुन्हा दिलं तर शरीरात त्याचा जो अवशेष साठतो त्याने झटके येतात. कुणी ते देऊ केलं तर ट्रामाडॉल घेत असल्याचं आधी सांगा.

सोबतीण

मी रुग्ण नाही, नवरा आहे रुग्ण. रात्रपाळी, वहिनींसाठी लिहितेय. गोळ्या मी मोजते, आठवड्याच्या काढून देते, बाकी कुलपात. पहिल्यांदा त्यांना अपमान वाटला. मग त्यांनीच एकदा सांगितलं, वाईट रात्री डबी हाताशी नसते याचा आधार वाटतो. पण हे दोघांनी शांत दिवशी ठरवायला हवं. कळ चालू असताना नको. आणि वहिनी, दुखण्यातली चिडचिड अंगाला लावून घेऊ नका म्हणणं सोपं आहे, मला पाच वर्षांत जमलेलं नाही. तुम्हीही कुणाशी तरी बोलत राहा.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी लिहितोय. भेट झाली. मी आधी वाहिनीचं विचारलं आणि मग मॉर्फिनचं. डॉक्टरांनी जुना स्कॅन काढून बघितला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की हे आधीच व्हायला हवं होतं. एमआरसीपी, म्हणजे वाहिन्यांचा एमआरआय, झाली. वाहिनी आता ९ मिमी, डोक्यात एक मोठा खडा आणि बाकी बारीक. एंडोस्कोपीवाले आणि सर्जन एकत्र बसून ठरवणार आहेत, तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

तोवर मॉर्फिन ५ मिग्रॅ, दिवसातून चार वेळा. ट्रामाडॉल हळूहळू उतरवून बंद केलं. तीन महिन्यांनी फेरविचार, हे चिठ्ठीवरच लिहून घेतलं. पहिले चार दिवस मळमळलं, खाज सुटली, आराखड्यातलं एक माप दोनदा चुकलं. पाचव्या दिवसापासून ठीक आहे. उताणं झोपणं अजून जमलेलं नाही, पण कुशीवर सलग पाच तास झोपलो. बायकोने वेळ लिहून ठेवली आहे, ११.४० ते ४.५०.

सिगारेट बंद, सोळावा दिवस.

ताई, शस्त्रक्रियेच्या वेळी मॉर्फिनचं काय करतात? आधी बंद करावं लागतं का?

निशिगंधा

बंद करू नका. भूलतज्ज्ञांना रोजची नेमकी मात्रा आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा, आणि वही बरोबर न्या. ज्याला रोज मॉर्फिन आहे त्याला शस्त्रक्रियेनंतर इतरांपेक्षा जास्त लागतं, आणि हे माहीत नसलेला रात्रीचा माणूस ठराविक मात्रेवर अडून बसतो. माझ्या पहिल्या रात्री तसंच झालं होतं. आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वहिनींच्या हातात असू द्या, तुमच्या नको. तुम्ही तेव्हा झोपेत असाल.

११.४० ते ४.५० वाचून फार बरं वाटलं. तारखेनंतर इथे लिहा.